नेटिव्ह लँड डिजिटलचा नकाशा: सुरुवातीला उत्तम, पण तिथेच थांबू नका

कॅनडात कार्यक्रमाच्या सुरुवातीला लँड अ‍ॅक्नॉलेजमेंट म्हणायची, म्हणजे ही जमीन मुळात कोणाची ते सगळ्यांसमोर सांगायचं, तर आधी ते शोधावं लागतं. त्यासाठी नेटिव्ह लँड डिजिटलचा मोफत नकाशा फार उपयोगी आहे. टोरंटोकडच्या मराठी मंडळांनीही तो जरूर वापरावा. २०१५ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प आता आदिवासी नेतृत्वाखालची ना-नफा संस्था चालवते.

शोधताना नुसतं शहराचं नाव नको, सभागृहाचा पूर्ण पत्ता टाका. ब्रिटिश सत्तेने आदिवासींशी जमिनीसाठी केलेल्या करारांच्या हद्दी आजच्या महापालिकांशी जुळत नाहीत. टोरंटोचा बराचसा भाग १८०५ च्या करार क्र. १३ मध्ये येतो, तर शेजारचं ब्रॅम्प्टन १८१८ च्या क्र. १९ मध्ये. टोरंटोचा मजकूर तिथे जसाच्या तसा वाचला की चुकलंच. नकाशात प्रदेश, भाषा आणि करार असे तीन थर आहेत. करारांचा थर आवर्जून सुरू करा.

खरी अडचण पुढे येते. एकाच जागेवर चार-पाच रंग चढलेले दिसतात आणि पूर्वीचा वावर कुठला, आजचा हक्क कुठला हे रंगावरून कळत नाही. मग सगळी नावं एका दमात वाचली जातात. या सीमा अधिकृत वा कायदेशीर नाहीत, असं संकेतस्थळ स्वतःच सांगतं. म्हणून नावावर क्लिक करून त्या नेशनच्या, म्हणजे त्या आदिवासी समाजाच्या, स्वतःच्या संकेतस्थळावर जा, त्यांनी दिलेला मजकूर घ्या, उच्चार आधी घोकून ठेवा.

नावांपलीकडचं मात्र नकाशा देत नाही, आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचं आहे. टोरंटोच्या १८०५ च्या करारात सुमारे अडीच लाख एकरांची किंमत दहा शिलिंग लिहिली होती. ही जमीन ज्यांची होती त्या मिसिसागाज ऑफ द क्रेडिट या नेशनने या व्यवहाराबद्दल केलेल्या दाव्यावर २०१० मध्ये सुमारे साडेचौदा कोटी डॉलरची तडजोड झाली. एवढं एक वाक्य घातलं तरी श्रोत्यांना काय घडलं ते कळतं. व्हँकुव्हर शहराची जमीन तर मस्क्वीअम, स्क्वामिश आणि स्ले-वाटुथ या तीन नेशननी कोणत्याही कराराने सोडलेलीच नाही. तिथे हे स्पष्ट म्हणायलाच हवं.

आणखी एक. पाहुण्यांचं या भूमीवर ‘स्वागत’ करण्याचा मान यजमान नेशनच्याच माणसाचा. आपण फक्त उल्लेख करायचा. त्यांच्या ज्येष्ठांना बोलवायचं असेल तर बरंच आधी विचारा आणि मानधन अंदाजपत्रकात धरा.