हातात ५० लाख: गंगापूर रोडला फ्लॅट की मुदत ठेव?

मुष्टियोद्धा माईक टायसनने कोट्यवधी डॉलर कमावले, तरी २००३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. खेळाडूची कमाई पस्तिशीत आटते, हप्ता आटत नाही.

नाशिकच्या खेळाडूने कराराच्या ५० लाखांतून आधी करासाठी १५ लाख बाजूला काढावेत. बरेच जण इथेच फसतात. उरलेले ३५ लाख फ्लॅटला लावून वर ६० लाखांचे कर्ज घेतले, तर ८.५ टक्क्यांनी २० वर्षे महिना सुमारे ५२ हजारांचा हप्ता. गुडघा गेला, करार तुटला, की २० हजार भाडे आले तरी ३२ हजार खिशातून.

तेच ३५ लाख ७ टक्क्यांनी ठेवले, तर करापूर्वी महिना २० हजार, कर्ज शून्य. आमचा कौल ठेवीलाच. मात्र ठेवीवरचा विमा एका बँकेत ५ लाखांपर्यंतच, म्हणून वाटून ठेवा. पतसंस्थेत तोही नाही, संचालक ओळखीचा असला तरी.