महिन्याच्या शनिवारचं पायथॉन सत्र: वर्षभराचा अनुभव आणि २०० रुपयांचा प्रश्न

पुढच्या महिन्यापासून सत्राला २०० रुपये लागणार, असा मेसेज आला आणि पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या आमच्या ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडले. गेलं वर्षभर मी यातली जवळजवळ सगळी सत्रं गाठली आहेत, चिंचवडहून येऊन, पिंपरीला मेट्रो पकडून, शिवाजीनगरला उतरून, पुढे चालत. त्यामुळे पैसे द्यावेत की नाही यावर मत द्यायचा हक्क मला आहे असं वाटतं. ग्रुपचं नाव लिहीत नाही. पुण्यात असे ग्रुप बरेच आहेत आणि तक्रारी सगळीकडे साधारण सारख्याच असतात. सत्राचा साचा तुम्हाला ठाऊक असेलच: कॉलेजचा हॉल, दोन मोठी व्याख्यानं, मग पाच-पाच मिनिटांचे लाइटनिंग टॉक, शेवटी चहा-समोसा.

मी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. वेब ॲप बनवायची पायथॉनची चौकट जँगो, डेटाबेस पोस्टग्रेस, आणि मूठभर माणसं. आम्हाला कॉन्फरन्सला कोणी पाठवत नाही, कोर्सचे पैसे कोणी देत नाही. महिन्यातली ही एक सकाळ हेच आमचं शिक्षण. म्हणून ती वाया गेली की मला मनापासून राग येतो.

आणि ती वाया जाते ती पडद्यामुळे. विषयामुळे नाही, वक्त्यामुळेही नाही. हॉल लांबट आहे, प्रोजेक्टर जुना आहे, खिडक्यांना पडदे नाहीत. वक्ता लॅपटॉप जोडतो आणि घरी जसा कोड लिहितो तसाच एडिटर उघडतो: काळी पार्श्वभूमी, करड्या अक्षरातल्या कॉमेंट, डावीकडे फायलींची यादी, खाली टर्मिनल म्हणजे आज्ञा देऊन निकाल बघायची खिडकी, आणि उरलेल्या चौकटीत बारीक अक्षरातला कोड. त्याच्या स्क्रीनवर हे सुंदर दिसतं. आमच्या भिंतीवर मात्र प्रोजेक्टर काळं कधीच काळं दाखवत नाही, कारण काळा म्हणजे नुसता प्रकाश नसणं, आणि हॉलमध्ये उजेड भरपूर. मग काळ्याचा राखाडी होतो आणि करड्या कॉमेंट त्या राखाडीत विरघळतात. चौथ्या रांगेपासून मागे बसलेल्यांना कोड वाचता येत नाही. त्यानंतर वक्ता जे काही सांगतो ते त्यांच्यासाठी रेडिओवरचं भाषण असतं.

जिल म्हणजे ग्लोबल इंटरप्रीटर लॉकवरचं व्याख्यान मी याच कारणाने गमावलं. विषय किती मोलाचा होता! एका प्रोसेसमध्ये एका वेळी एकच थ्रेड, म्हणजे कामाचा एकच धागा, पायथॉनचा बाइटकोड चालवू शकतो हे बंधन इतकी वर्षं होतं. पेप ७०३ या पायथॉनमधल्या बदलाच्या प्रस्तावाने ते काढण्याचा मार्ग आखला, ऑक्टोबर २०२४च्या ३.१३ आवृत्तीत लॉकशिवायचं बिल्ड, म्हणजे पायथॉनचं वेगळं रूप, प्रायोगिक म्हणून आलं आणि ऑक्टोबर २०२५च्या ३.१४मध्ये त्यावरचा 'प्रायोगिक' शिक्का निघाला, पण ते अजून ऐच्छिकच आहे. वक्त्याने स्वतःच्या कामातला कोड दोन्ही बिल्डवर चालवून वेळा मोजल्या होत्या. अशी मोजमापं कुठे वाचायला मिळत नाहीत. आणि ते आकडे टर्मिनलमध्ये होते, पडद्याच्या तळाला, पुढच्या माणसांच्या डोक्यांच्या मागे.

उपाय फुकट आहे. पांढरी पार्श्वभूमी घ्या. कंट्रोल आणि अधिकचं बटण पाच-सहा वेळा दाबा. फायलींची यादी झाका. एका वेळी वीसेक ओळींच्या वर कोड दाखवू नका, आणि टर्मिनल वरच्या अर्ध्या भागात आणा. मी हे आयोजकांना तोंडी सांगितलं, लिहून दिलं, पुन्हा आठवण केली. दर वेळी उत्तर एकच: वक्ता आपला वेळ देऊन येतो, त्याला कसं सांगायचं? अहो, हॉलभर माणसंही वेळ देऊनच येतात. सुरू करण्याआधी आयोजकांपैकी एकाने शेवटच्या बाकावर जाऊन बसावं आणि पहिली स्लाइड वाचून दाखवावी, एवढीच माझी मागणी होती.

पडदा दिसला तेव्हा काय मिळालं तेही सांगते, कारण मिळालेलं थोडं नाही.

पोस्टग्रेसच्या व्याख्यानाला मी पहिल्या रांगेत होते. पोस्टग्रेस ओळ बदलताना जुनी ओळ जागेवर तशीच ठेवतं आणि नंतर व्हॅक्यूम ही साफसफाईची प्रक्रिया ती साफ करते, हे माहीत होतं. आमच्या एका संस्थेचं खात्यांचं टेबल मात्र साफसफाई होऊनही फुगत चाललं होतं. प्रश्नोत्तरांत मी ते मांडलं. वक्ता काही बोलण्याआधी मागून एका गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, कुठलं कनेक्शन ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बसलंय का ते बघितलंत का?" सोमवारी ऑफिसात पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी, म्हणजे चालू कनेक्शनची यादी, उघडून पाहिलं. आमच्याकडे वारशाने आलेल्या जुन्या कोडमध्ये खात्यात नोंद करायची आणि त्याच ॲटॉमिक ब्लॉकच्या (सगळं होतं किंवा काहीच होत नाही अशा एका ट्रान्झॅक्शनच्या) आत एसएमएस कंपनीच्या उत्तराची वाट पाहायची अशी रचना होती. उत्तर आलंच नाही तर कनेक्शन तसंच लटकायचं, आणि त्या क्षणानंतर मेलेल्या ओळी व्हॅक्यूमला काढता यायच्या नाहीत. एसएमएस ब्लॉकच्या बाहेर काढला, लटकलेल्या ट्रान्झॅक्शनसाठी ९.६पासून असलेली टाइमआउटची सेटिंग लावली, टेबल फुगायचं थांबलं. बाहेरून सल्लागार आणला असता तर त्याच्या बिलात या सत्राची कित्येक वर्षांची फी निघाली असती.

राउंडिंगवरचा लाइटनिंग टॉक एका विद्यार्थिनीचा होता. विषय प्राथमिक म्हणून मागचे काही जण चहाला उठले. पायथॉन ३मध्ये २.५ राउंड केले की २ येतात आणि ३.५ केले की ४, कारण बरोबर मध्यावर असलेली संख्या जवळच्या सम अंकाकडे जाते. इथवर अनेकांना ठाऊक असतं. तिने पुढे तेच २.५ पोस्टग्रेसच्या न्यूमेरिक या अचूक आकड्यांच्या प्रकारात राउंड करून दाखवले, आणि तिथे उत्तर आलं ३. व्याज एकीकडे पायथॉनमध्ये आणि अहवाल दुसरीकडे डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत काढणाऱ्या प्रत्येक माणसाने हे पाहायला हवं होतं. लेखापरीक्षणात एक रुपयाचा फरक निघाला की आमच्याकडे दोन दिवस जातात. आता आमच्या सगळ्या व्याजाच्या आकडेमोडीत डेसिमल हा पायथॉनचा अचूक दशांशांचा प्रकार वापरतो आणि अर्धा वरच्या बाजूला न्यायचा हे स्पष्ट लिहून ठेवतो.

यूव्ही या पायथॉनची पॅकेज उतरवणाऱ्या साधनाचं व्याख्यानही कामाचं. पॅकेज एकदा उतरवलं की सगळ्या प्रोजेक्टना त्याच कॅशमधून मिळतं, त्यामुळे माझ्या जुन्या लॅपटॉपची डिस्क मोकळी झाली.

उलट, कंपन्यांचे प्रतिनिधी येऊन आपलं उत्पादन दाखवतात ती व्याख्यानं मी आता टाळते. गेल्या वर्षात त्यातली बहुतेक एआय सहायकांची होती. चकचकीत स्लाइड, सगळं पहिल्या फटक्यात चालणारं, आणि किमतीचा प्रश्न विचारला की "नंतर भेटा." ज्याचं काहीतरी मोडलं आणि त्याने ते दुरुस्त केलं, त्याचंच व्याख्यान ऐकण्यासारखं असतं. २०११ची पायकॉन इंडिया ही पायथॉनची देशपातळीवरची परिषद पुण्यात भरली होती. हे शहर पायथॉनला नवखं नाही, इथल्या श्रोत्यांना जाहिरात ओळखता येते.

इथवर गेल्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं आणि शेवट ठरलेला होता: २०० रुपये देऊ नका, रेकॉर्डिंग घरी बसून बघा, त्यात कोड तरी स्वच्छ दिसतो. शनिवारच्या सत्रानंतर तो शेवट काढून टाकला.

शनिवारी सातारा जिल्ह्यातून आलेल्या एका दादांचं व्याख्यान होतं, चक्क मराठीत. विषय: डेटाबेसमध्ये मराठी नावं का सापडत नाहीत. त्यांनी पांढऱ्या पडद्यावर एकच शब्द आणला, 'कऱ्हाड'. इतका मोठा की शेवटच्या बाकावरून वेलांटी-काना मोजता यावा. मग खाली पुन्हा तोच शब्द. दोन्ही हुबेहूब. पायथॉनला दोघांची लांबी विचारली: एक ६, दुसरा ७. हॉलमध्ये एकदम शांतता.

पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, युनिकोड या संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत त्याला स्वतःची जागा आहे, आणि त्याला हलन्त जोडलाय. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि त्यानंतर न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडायला सांगणारं चिन्ह. कीबोर्ड बदलला की यातला कुठला प्रकार उमटेल ते बदलतं. डोळ्याला फरक दिसत नाही, पण शोध बरोबर लिहिलेल्या गावाला 'नोंद नाही' म्हणतो. तिसराही प्रकार आहे, र आणि खाली नुक्ता म्हणजे टिंब. तो युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराची रूपं एकसारखी करणाऱ्या नियमाने, पहिल्यासारखा होतो. जॉइनरवाला मात्र होत नाही, त्याला स्वतःचा नियम लिहावा लागतो. तसाच 'ॲड.' या उपाधीचा घोळ: ॲ हे एकसंध अक्षर युनिकोड ५.१मध्ये, म्हणजे २००८ साली आलं. त्याआधी अ आणि वर चंद्र असं जोडून लिहायचे, अजूनही लिहितात, आणि युनिकोडच्या लेखी हे दोन एकच नाहीत. शिवाय युनिकोडात ळ हा ल च्या पाठोपाठ बसतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. नुसत्या कोडच्या क्रमाने लावलेली यादी म्हणून चुकते.

आमच्या एका संस्थेत एकाच सभासदाची दोन-दोन खाती निघत होती आणि आम्ही तिथल्या क्लार्कना दोष देत होतो. त्याच रात्री मी यादीवर जॉइनरचा नियम चालवला. कऱ्हाडचे, गोऱ्हे, कुऱ्हाडे, सगळे एकेक करून जुळले. सोमवारी पहिलं काम केलं ते त्या संस्थेत फोन करून क्लार्कताईंना सांगण्याचं, की तुमचं टायपिंग बरोबर होतं.

हे व्याख्यान रेकॉर्डिंगमध्येही आहे. पण श्रोत्यांपाशी माइक नसतो, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये प्रश्न ऐकूच येत नाहीत. माझ्या टेबलाचं निदान करणाऱ्या त्या गृहस्थांचं वाक्यही त्यात नाही. मी शोधून पाहिलं.

फीबद्दल शनिवारी आयोजकांनी खुलासा केला. हॉल फुकट मिळतो; पैसे हवेत ते नाव नोंदवून न येणाऱ्यांमुळे. त्यांच्या नावाचे समोसे मागवले जातात आणि उरतात, आणि जागा भरल्या म्हणून खरे येणारे नोंदणीत मागे पडतात. कारण मला पटलं, रीत पटली नाही. २०० रुपये अनामत म्हणून घ्या आणि दारात आलेल्याला परत करा. पहिलीच नोकरी असलेल्या मुलाला किंवा त्या राउंडिंगवाल्या विद्यार्थिनीला दरमहा २०० रुपये म्हणजे न येण्याचं कारण आहे. न आलेल्यांचे जे पैसे जमतील त्यातून श्रोत्यांसाठी एक हातातला माइक आणि खिडक्यांना जाड पडदे घ्या. हे मी तिथेच उभी राहून सांगितलं, बऱ्याच जणांनी माना डोलावल्या, निर्णय अजून व्हायचाय.

तोवर माझे पुढच्या महिन्याचे २०० भरलेले आहेत. एसिंक्रोनस, म्हणजे उत्तराची वाट पाहत न अडकणाऱ्या, जँगोवर व्याख्यान आहे, वक्ता स्वतःच्या कंपनीतला बिघाड सांगणार आहे. जाणार असाल तर पहिल्या तीन रांगांत जागा धरा, आणि मागे बसावं लागलंच तर पहिल्याच मिनिटाला हात वर करून अक्षर मोठं करायला सांगा. मी अर्धा तास आधी पोहोचून शेवटच्या बाकावरून स्लाइड वाचून बघणार आहे. आयोजकांनी या वेळी हो म्हटलंय.