जहाजावरची जिम की बॅगेतले रबरी पट्टे?

साइन ऑनच्या, म्हणजे जहाजावर कामाला रुजू होण्याच्या, आदल्या रात्री बॅग वजनकाट्यावर चढते आणि रेझिस्टन्स बँड, म्हणजे व्यायामाचे रबरी पट्टे, ठेवायचे की काढायचे, यावर घोडं अडतं. जहाजावर जिम असतेच ना? बहुतेक ठिकाणी असते. मी सलग ३ कॉन्ट्रॅक्ट जिमवर काढली, त्यानंतर पट्ट्यांवर आलो.

आधी जिमची बाजू. ट्रेडमिलवर पळून जो दम लागतो, तो पट्ट्यांनी लागत नाही. जड वजनं मारायची सवय असेल, तर पायांसाठी पट्टे खेळणंच वाटतील. शिवाय जिममध्ये चार माणसं भेटतात.

पण समुद्राला जिमचं काही पडलेलं नसतं. बल्क कॅरिअर (कोळसा, धान्य असा सुटा माल नेणारं जहाज) रिकामं, बॅलास्टवर, म्हणजे तोलासाठी भरलेल्या पाण्यावर असलं की बरेचदा ताठर होतं आणि हिसके देत डोलतं. ट्रेडमिलचा पट्टा आपल्या चालीने सरकत राहतो, आपला पाय भलतीकडे. लाटेच्या तळातून जहाज वर उचललं जाताना १० किलोचं डंबेल जड होतं, माथ्यावरून खाली बसताना हलकं. रबराला या उचलाउचलीशी देणंघेणं नाही; ताणाल तेवढंच ओढतं. माझ्या खांद्याला हे मानवलं.

तरी एवढ्यावर मी जिम सोडली नसती. मी सेकंड ऑफिसर, माझा वॉच (पहाऱ्याची पाळी) १२ ते ४. पहाटे ४ ला ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, उतरलं की मला लगेच झोप येत नाही. अर्धा तास घाम गाळला तर लागते. ट्रेडमिल पोलादी डेकवर आणि बरोबर खाली कुकची केबिन. तो ५ ला उठणारा माणूस. चौथ्या दिवशी चहा देताना त्याने अगदी साळसूदपणे विचारलं, "सेकंड साहेब, रात्री वर कसलं ठोकाठोकीचं काम काढलंय?" मॅट दुमडून खाली घातली, वेग कमी केला, शेवटी नुसता चालू लागलो. पण चालायला मशिन कशाला? संध्याकाळी जावं तर चार्टच्या (सागरी नकाशांच्या) दुरुस्त्या डोक्यावर, आणि ट्रेडमिलवर आधीच कोणीतरी. जहाजावर कुठल्याही तासाला कोणीतरी झोपलेलं असतं, हे मला तेव्हा खरं कळलं.

पट्टा पायाखाली दाबून केबिनमध्येच सगळं होतं, आवाज शून्य. नियमाने २४ तासांत किमान १० तास विश्रांती मिळते, पण ती दोन तुकड्यांत मोडता येते, एक किमान ६ तासांचा. बंदरात लहान तुकडा हाती आला की जिमपर्यंत कोण जातो? पट्टा समोर खुंटीला असतो.

खोडी त्यातही आहे. पोर्टहोलच्या उन्हात राहिलेला माझा एक पट्टा तडकला आणि तुटताना मनगटावर वळ उठवून गेला. दाराच्या मुठीला तर अडकवूच नका. माझ्या तर मूठच हातात आली होती. दम लागण्यासाठी ब्रिजपर्यंतचे जिने आहेत, आणि हवा बरी असेल तर ब्रिजला कळवून डेकवर फेऱ्या.

तुम्ही डे वर्कर, म्हणजे वॉच नसलेले, फक्त दिवसा काम करणारे असाल आणि जिम केबिनांपासून लांब असेल, तर कदाचित पट्टे लागणारही नाहीत. वॉचवाल्यांनी मात्र एक हलका, एक जड आणि एक जादा टाकावा. तिन्ही बुटांत मावतात.