जुन्या गाड्या विकायचं फुकट ॲप: बेळगावातून वापरून पाहिलं, पाचपैकी तीन

आमची २०१४ ची युनिकॉर्न मोटरसायकल मी मोबाईलवरच्या फुकट जाहिरातीच्या ॲपवरून विकली. ॲपचं नाव घेत नाही. अशी दोन-तीन आहेत आणि सगळ्यांची तऱ्हा सारखीच. पाचपैकी तीन तारे देतेय, त्यातला एक निव्वळ शोरूमवाल्यानं जो भाव सांगितला त्याच्या रागापोटी.

गाडी माझ्या नावावर. उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपात मी हिशेब बघते. पतसंस्थेचं कर्ज माझ्या पगारावर निघालं, म्हणून आरसीवर नावही माझंच लागलं. चालवली मात्र आमच्या ह्यांनी, वडगाव ते मच्छे, भर पावसाळ्यातसुद्धा. आता ह्यांना स्कूटर पाहिजे झाली आणि घरासमोर दोन गाड्या लावायला जागा नाही.

स्कूटर घेताना शोरूममध्ये जुनीचं एक्स्चेंज विचारलं. तिथल्या पोरानं गाडीभोवती अर्धी चक्कर मारली, सीटवर टिचकी मारली आणि १४ हजार म्हणाला. गाडी चालू करूनही बघितली नाही. वर सांगतो, नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून ठेवा, गिऱ्हाईक मिळालं की नाव आम्ही भरू. म्हणजे मधल्या काळात गाडी कुणाच्या हातात, कुठं फिरतेय, मला पत्ता नाही आणि आरसीवर मी. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यानं आरटीओकडून अधिकृत परवाना घ्यायचा, गाडी ताब्यात घेतल्याची नोंद करायची आणि तिथपासूनची जबाबदारी त्याची, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे. तुमच्याकडं तो परवाना आहे का, असं विचारल्यावर पोरगा साहेबांना बोलवतो म्हणून आत गेला. साहेब काय बाहेर आले नाहीत.

मग ॲप. जाहिरात टाकणं सोपं आहे, तिथं नाव ठेवायला जागा नाही. फोटो, मॉडेल, किलोमीटर, किंमत, झालं. मी ३४ हजार टाकले. ‘फर्स्ट ओनर, पेपर क्लिअर, एचपी नाही, नवी नंबरप्लेट बसवलेली’ हे सगळं स्पष्ट लिहिलं. पतसंस्थेची एचपी, म्हणजे गाडीवरच्या कर्जाची नोंद, मी कर्ज फिटलं त्याच महिन्यात फॉर्म ३५ देऊन आरसीवरून उतरवून घेतली होती. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागते, ती नसली तर कर्नाटकात नाव बदलायचं कामच पुढं सरकत नाही, म्हणून तीही आधीच बसवली. हे लिहिलंय ते कुणी वाचत नाही, हा भाग वेगळा.

वाचत नाही म्हणजे खरंच नाही. ॲपमध्ये एक तयार बटण आहे, दाबलं की ‘गाडी आहे का?’ असा मेसेज आपोआप जातो. लोक शेंगा सोलत बसल्यासारखे ते बटण दाबत असतात. मी ‘आहे’ म्हणून लिहायचं, पुढं काही नाही. त्यातून जे दुसऱ्या मेसेजपर्यंत येतात त्यांचा प्रश्न ठरलेला: लास्ट किती? कानडी बोलणारे असले तर ‘लास्ट एष्ट री?’ गाडी बघितली नाही, आवाज ऐकला नाही, आणि लास्ट किती.

फोनवर आणखी एक गंमत. ‘हॅलो, गाडीच्या मालकांना द्या जरा.’ मालक मीच. ‘तसं नव्हे ओ अक्का, घरात जेंट्स कोण हाईत काय?’ जेंट्स आहेत, पण त्यांना शेवटचं ऑइल कधी बदललं ते सांगता येणार नाही. ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे, बिलासकट. एकदोघांनी एवढं ऐकून फोन ठेवला. ॲपचा दोष नाही, तरी लिहून ठेवते, कारण बायकांनी जाहिरात टाकली की हे होणार.

पहिल्या दिवशी सगळ्यात आधी फोन येतात ते दलालांचे. ‘घरच्या वापराला पाहिजे, मुलगा कॉलेजला जातोय’ असं गोड बोलतात आणि २० च्या वर जात नाहीत. ओळखायला सोपं आहे: त्याच्या नावावर टिचकी मारून त्याच्या स्वतःच्या जाहिराती बघायच्या. एका कॉलेजच्या मुलाच्या बापाकडं दोन पल्सर, तीन स्प्लेंडर आणि एक बुलेट विकायला होती. ॲपनं अशांवर ‘व्यापारी’ असा शिक्का मारायला काय हरकत आहे? वर आपल्यालाच सारखं सुचवत राहतं, पैसे भरा, जाहिरात वर नेतो. मी भरले नाहीत.

फसवणुकीचा फोन आला तो हिंदीतून. कॅम्पात पोस्टिंग आहे, बदली झाली, गाडी लगेच पाहिजे, भाव तुम्ही म्हणाल तो. बेळगावात मराठा लाईट इन्फन्ट्रीचं सेंटर असल्यामुळं इथं हे पटकन खरं वाटतं. शेजारीपाजारी फौजेत असलेली माणसं आपल्याला असतातच. ओळखपत्राचा फोटोही लगेच आला. मग म्हणाला, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. मी म्हटलं, साहेब, कॅम्प ते वडगाव रिक्षानं या, गाडी बघा, रोख द्या. फोन बंद. असा कुणाला गंडा बसलाच तर १९३० वर लगेच कळवायचं, जितकं लवकर तितकं बरं. ॲपमध्ये तक्रारीचं बटण आहे, मी दाबलं. तो माणूस दुसऱ्या नावानं पुन्हा दिसला.

खरोखर बघायला आलेल्यांत एक जोडी लक्षात राहिली. येळ्ळूरचा मुलगा आणि त्याच्यासोबत मेकॅनिक मित्र. ह्यांनी गाडी पुसून, चालू करून, गरम करून ठेवायची म्हटलं होतं, मी करू दिलं नाही, आणि बरं झालं. मित्रानं आल्या आल्या पहिल्यांदा इंजिनला हात लावला. थंड आहे म्हटल्यावर मान हलवली. मग सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून फिरवलं आणि बोट उन्हात धरून बघितलं: कोरडी काजळी, तेलकट नाही. गाडी मेन स्टँडवर घेतली, पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल हलवलं, कोनसेट म्हणजे हँडलखालचं बेअरिंग बघायला. चेन मागच्या स्प्रॉकेटवर ओढून बघितली, दात झिजलेत की नाही ते. शेवटी फोर्कवर अंगठा दाबून खाली ओढला आणि अंगठ्यावर आलेला तेलाचा पट्टा मला दाखवला. डाव्या फोर्कचं सील गळत होतं. ह्यांना ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. इतकं नीट बघणारा माणूस बघून मला आमच्या वर्कशॉपातले इन्स्पेक्शनवाले आठवले. सीलचे हजार कमी करा म्हणाला, मी केले. पण मुलाच्या वडिलांना नवीनच पाहिजे निघाली, सौदा बारगळला.

आता मुख्य गोष्ट, आणि ती आपल्या भागाचीच. हे ॲप गोल काढतं. तीस किलोमीटरच्या आत जे कोण आहेत त्यांना गाडी दाखवतं. बेळगावाभोवती तीस किलोमीटरचा गोल काढला तर त्यात महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्याची गावंही येतात. शिनोळी, तुडये इकडची माणसं बाजाराला बेळगावात येतात, दवाखान्याला येतात, गाडी बघायलाही येणारच. मला सगळ्यात चांगला भाव तिकडूनच मिळाला, ३३ हजार, रोख, आजच्या आज. माणूस चांगला, बोलणं आपलं. चहा झाला. मग कागदाचा विषय काढला तर म्हणतो, ‘ताई, नावाचं नंतर बघू की. आमच्या गल्लीत निम्म्या गाड्या केए बावीसच हाईत.’

केए बावीस म्हणजे आपलं बेळगावचं पासिंग. तो म्हणाला ते खोटं नाही. सीमेवरच्या गावांत असं वर्षानुवर्षं चालतं. पण कागदावर तो गोल चालत नाही, राज्य चालतं. गाडी कर्नाटकातच राहणार असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला फॉर्म २९ द्यायचा, घेणाऱ्यानं ३० दिवसांत फॉर्म ३०. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर आधी इथून फॉर्म २८ वर एनओसी काढायची, एकही चलन बाकी नको. मग त्यानं कोल्हापूरला एमएच ०९ चा नंबर घ्यायचा आणि महाराष्ट्राचा कर नव्यानं भरायचा, कारण इथं भरलेला आयुष्यभराचा कर तिथं धरत नाहीत. उरलेला परत मिळावा म्हणून इथं वेगळा अर्ज. अकरा वर्षांच्या गाडीसाठी एवढी उस्तवार कोण करणार? म्हणून ‘नंतर बघू’.

आणि नंतर बघेपर्यंत गाडीनं कुणाला उडवलं तर? सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, गाडी विकून टाकलेली असली तरी. भरपाईचा दावा त्याच्यावर येतो. हे मी त्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, माझ्यावर विश्वास नाही काय? विश्वास आहे हो, पण गाडी तुम्ही एकटेच चालवणार आहात का? भाऊ चालवणार, भावाचा मेव्हणा चालवणार. तो हसला, चहा बरा होता म्हणाला आणि गेला. आमचे हे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

शेवटी गाडी गेली खानापूर तालुक्यात. मुलगा मच्छेत कामाला, सोबत आई. मुलगा गाडी बघत होता आणि आई मला प्रश्न विचारत होती: पावसात उभी असायची की पत्र्याखाली? कधी पडली होती का? कर्ज होतं का? मी वही पुढं केली. त्यांनी वाचली, पानं उलटून वाचली. २९,५०० ला ठरलं. चंदगडवाल्यापेक्षा साडेतीन हजार कमी, पण पासिंग केए बावीसच, तोच आरटीओ. मुलानं स्वतः चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून ठसा घेतला, दोनदा फाटला, तिसऱ्यांदा आला. अर्ज दाखल झाल्याची पावती हातात पडल्यावर किल्ली दिली. डिलिव्हरीच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहिली, दुपारी १२:४०, आणि दोघांच्या सह्या. त्याच दुपारी कुणी सिग्नल तोडला तर चलन कुणाचं, हे भांडण नको. विमा थर्ड पार्टीच होता, तो १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घे म्हणून त्याला लिहून दिलं. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून नाव बदललेलं बघितलं, मगच जाहिरात काढली.

म्हणजे भाव शोरूमच्या दुपटीहून जास्त मिळाला. ह्याचे तीन तारे. दोन कापले ते दलालांना आणि त्या क्यूआरवाल्याला मोकळं सोडल्याबद्दल. ॲपवाल्यांना एक मागणी कळवली आहे, उत्तर आलेलं नाही: गिऱ्हाईकानं फोन करायच्या आधी ‘गाडी कुठल्या राज्यात नोंदवणार’ एवढा एक रकाना भरून घ्या. पुण्या-मुंबईच्या माणसाला तो फालतू वाटेल. निपाणी, खानापूर, बेळगावात त्यावाचून निम्मे फोन वाया जातात.