बरोबर १० आणि १९ तारखेला बंद पडणारं शेअर फोल्डर

तुमच्या कार्यालयातल्या लिनक्स सर्व्हरने गेल्या वर्षभरात कोणकोणत्या तारखांना ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ दाखवलं, ते दुरुस्तीच्या बिलांवरून काढा आणि त्या तारखा एका कागदावर लिहा. एका कर सल्लागारांच्या कार्यालयात चौदा महिने हे कुणी केलं नाही, आणि ८८,००० रुपये गेले.

तिथे विंडोजचे नऊ संगणक, मधे एक उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर आणि त्यावर सांबा, म्हणजे लिनक्सवरचं फोल्डर विंडोजच्या संगणकांना वापरू देणारं सॉफ्टवेअर. सगळ्या अशिलांचे हिशेब एकाच शेअर फोल्डरात. दर महिन्याच्या १० तारखेला सकाळी ते फोल्डर उघडायचं नाही, १९ तारखेला पुन्हा तेच. जीएसटीआर-१ या जीएसटी विवरणपत्राची मुदत ११ तारखेची आणि ३बी या दुसऱ्याची २० ची, म्हणजे घासाघीस करायला कुणालाच वेळ नसायचा. टेक्निशियन यायचा, काळ्या स्क्रीनवर दहा मिनिटं टाइप करायचा, ‘परमिशन करप्ट झाल्या होत्या’ म्हणायचा आणि २,५०० रुपये घेऊन जायचा. असे ७०,००० झाले. वर ‘सांबाचं यूजर लायसन्स’ म्हणून माणशी २,०००, नऊ जणांचे १८,०००.

लायसन्सचं आधी सांगतो. सांबा हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, जीपीएल परवान्याखाली फुकट मिळतं. माणशी परवाना ही विंडोज सर्व्हरची भानगड. बसवण्याची मजुरी घ्यावी, त्याबद्दल तक्रार नाही, पण ‘लायसन्स’ या नावाने पैसे मागितले तर तिथेच थांबवा.

आणि परमिशन आपोआप ‘करप्ट’ होत नाहीत. डिस्क बिघडली तर इनपुट-आउटपुट एरर येतात, किंवा अख्खं पार्टिशन रीड-ओन्ली होतं. एकाच फोल्डरची परवानगी बदलली असेल, तर ती कुणीतरी किंवा कुठल्यातरी कमांडने बदललेली असते.

या कार्यालयात उलगडा झाला तो एका १० तारखेला टेक्निशियनचा फोन लागला नाही म्हणून. शेअर केलेल्या आतल्या फोल्डरला ७७७ परवानगी होती, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं, तरीही आत जाता येत नव्हतं. कारण लिनक्समध्ये फाइलपर्यंत पोचायला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर ‘एक्स’ची, म्हणजे आत शिरण्याची, परवानगी लागते. आतली खोली सताड उघडी असली तरी वाड्याचा दिंडीदरवाजा बंद असेल तर काय उपयोग? ‘नेमआय’ ही कमांड ‘-एल’ लावून पूर्ण पाथवर चालवली की वाटेतल्या एकेका फोल्डरचा मालक, ग्रुप आणि परवानगी ओळीने दिसते. इथे सगळ्यात वरचं रूट फोल्डर ७५५ (मालकाला सगळं, इतरांना वाचणं आणि आत शिरणं), एसआरव्ही ७५५, त्याखालचं ‘ऑफिस’ मात्र ७०० (फक्त मालकाला), आणि मालक रूट, म्हणजे सर्व्हरचं मुख्य अ‍ॅडमिन खातं. अडलं होतं ते इथे.

घाईत लगेच ७५५ करून मोकळं होऊ नका. आधी त्या फोल्डरवर ‘स्टॅट’ चालवा. त्यातली ‘चेंज’ची वेळ म्हणजे परवानगी, मालक किंवा आतला मजकूर शेवटचा बदलला ती वेळ, आणि तुम्ही दुरुस्ती केलीत की ती पुसली जाते. इथे ती निघाली ९ वाजून ० मिनिटं १ सेकंद. माणसाचा हात इतका नेमका चालत नाही, क्रॉन चालतो, म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी लिनक्सची सोय. रूटच्या ‘क्रॉनटॅब -एल’मध्ये काही नव्हतं, पण ईटीसीमधल्या क्रॉन-डॉट-डी फोल्डरात ‘सांबा-बॅकअप’ नावाची फाइल होती. आत एकच ओळ: मिनिट ०, तास ९, तारीख १०,१९, पुढे दोन फुल्या (कुठलाही महिना, कुठलाही वार), मग रूट, आणि परवानगी बदलणारी ‘सीएचमॉड ७००’ ही कमांड, पुढे ऑफिस फोल्डरचा पाथ. बॅकअपचा तिथे पत्ताही नव्हता. ‘जर्नलसीटीएल -यू क्रॉन’मध्ये, म्हणजे सर्व्हरच्या जर्नल या नोंदवहीत, तीच कमांड तारीखवार नोंदलेली सापडली.

सगळीकडे इतका उघड डाव नसतो. परत परत पैसे मिळवून देणारे तात्पुरते उपायही असतात. रेडहॅटच्या घराण्यातल्या सर्व्हरवर, म्हणजे रॉकी, अल्मा वगैरे, एसईलिनक्स हा परवानग्यांवरचा जादा पहारा आड येतो तेव्हा तो ढिला करणारी ‘सेटएनफोर्स ०’ कमांड मारून शेअर चालू करून देतात. पुढच्या रीबूटला ते रद्द होतं आणि पुन्हा बोलावणं जातं. तिथे फोल्डरला ‘सांबा_शेअर_टी’ हे लेबल हवं: ‘एसईमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ने नोंदवायचं आणि ‘रीस्टोरकॉन -आरव्ही’ने लावायचं. ‘सीएचकॉन’ने लावलेलं लेबल पुढच्या रीलेबलिंगला उडतं.

दुसरी तक्रार नेहमीची: एकाने केलेली फाइल दुसऱ्याला उघडते पण सेव्ह होत नाही. सांबाचा ‘क्रिएट मास्क’ (नव्या फाइलला जास्तीत जास्त किती परवानगी मिळेल ते ठरवणारी सेटिंग) मुळात ०७४४ असतो, म्हणजे ग्रुपला फक्त वाचता येतं. यावर ७७७ मारणारा माणूस आजच्या फायली चालवून देतो, उद्या तयार होणाऱ्या फायलींना तीच अडचण. शिवाय ७७७ सोबत ‘गेस्ट ओके’ही (पासवर्डशिवाय प्रवेश) चालू ठेवलं असेल, तर नेटवर्कवरच्या कुठल्याही एका संगणकात घुसलेलं रॅन्समवेअर सगळे हिशेब कुलूपबंद करू शकतं. २०१७ च्या मे महिन्यात सांबाचा जो दोष उघड झाला, त्यात लिहिता येणारं शेअर एवढंच हल्लेखोराला पुरत होतं.

खरा उपाय अर्ध्या तासाचा आहे. ‘हिशेब’ नावाचा ग्रुप करा, ‘यूजरमॉड -एजी’ने माणसं त्यात घाला (‘ए’ विसरलात तर बाकीचे ग्रुप जातात). फोल्डरचा ग्रुप बदला, परवानगी २७७० द्या. पुढचा २ महत्त्वाचा, त्यामुळे आतल्या नव्या फायली त्याच ग्रुपच्या होतात. सांबाच्या कॉन्फिगमध्ये ‘व्हॅलिड यूजर्स’ला @ लावून ग्रुपचं नाव, ‘रीड ओन्ली’ नो, ‘क्रिएट मास्क’ ०६६०, ‘डिरेक्टरी मास्क’ २७७०. ‘टेस्टपार्म’ने तपासा आणि सेवा रीस्टार्ट करा. प्रत्येकाचा सांबा पासवर्ड ‘एसएमबीपासडब्ल्यूडी -ए’ने वेगळा द्यावा लागतो, लिनक्सचा पासवर्ड इथे चालत नाही. विंडोजवर १२१९ एरर आला तर दोष सर्व्हरचा नाही, जुन्या नावाने जोडणी उघडी आहे: ‘नेट यूज’ने ती तोडा.

फसवणूक सापडली तर ती क्रॉनची फाइल डिलीट करू नका. ‘सीपी -पी’ने तिची प्रत घ्या म्हणजे तारखा टिकतात, जर्नल आणि स्टॅटचं आउटपुट वेगळ्या पेनड्राइव्हवर काढा, मगच त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) टाका, म्हणजे ती चालणार नाही. नंतर त्या माणसाचं खातं, अ‍ॅडमिन अधिकार देणारा सुडो ग्रुप, प्रत्येक यूजरची ‘ऑथोराइज्ड कीज’ फाइल (पासवर्डशिवाय लॉगिनच्या किल्ल्या), क्रॉनसारखीच वेळापत्रकं दाखवणारी ‘सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स’ आणि राउटरवर सांबाचं ४४५ पोर्ट बाहेर उघडलेलं आहे का, हे सगळं त्याच दिवशी बघा. अधिकार असलेल्या माणसाला परवानगीशिवाय संगणकापासून अडवणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. ते अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार द्यायला जाताना बिलं आणि जर्नलमधल्या नोंदी एकाच कागदावर तारखेसमोर तारीख मांडून न्या. या कार्यालयाकडे अशा अठ्ठावीस जोड्या होत्या.