अँटी-रोल बारची लिंक तुटली: पिकअपवरच्या बदलांचे अकरा महिने

मागच्या आठवड्यात एका वळणावर मागून ‘खट्ट’ आवाज आला आणि पुढच्या वळणावर गाडी पूर्वीसारखी एका अंगाला कलली. वाकून पाहिलं तर मागच्या अँटी-रोल बारची डावी लिंक आट्यांजवळ तुटून लोंबकळत होती. हा बार वळणावर गाडी कलू देत नाही, आणि लिंक म्हणजे त्याचं टोक जोडणारी छोटी सळई. बार बसवून आठ महिने झालेत. याच बारला मी तीन महिन्यांनंतर इथेच ‘सगळ्यात वसूल झालेला खर्च’ म्हटलं होतं. ते मत पूर्ण मागे घेत नाही, पण आता त्याला अटी लागल्यात, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्या पिकअपची माहिती जुन्या वाचकांना आहेच: टर्बो इंजिन, पुढे डबल विशबोन (दोन भुजांचं) सस्पेन्शन, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). स्पोर्टी म्हणून विकली, तरी मागचे पाटे हौद्यात माल असणार हे धरूनच बनवलेले असतात. हौदा रिकामा असला की ५५ ते ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर पडतं आणि मागची बाजू हलकी नि ताठ राहते. खरा प्रश्न तिथे आहे, आणि मी सुरुवात केली इंजिनापासून.

रिमॅप केल्यावर, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या संगणकातला नकाशा बदलल्यावर, दोन दिवस मजा वाटली. मग जोरात निघताना मागून थडथड सुरू झाली. टॉर्क वाढला की ॲक्सल पिळला जातो, पाटे इंग्रजी ‘एस’सारखे मुडपतात, सुटतात, पुन्हा मुडपतात, आणि चाक रस्ता धरण्याऐवजी उड्या मारतं. ट्रॅक्शन बार (ॲक्सल पिळू न देणारे दांडे) लावले तेव्हा थडथड थांबली. म्हणजे पहिला खर्च पचवायला दुसरा खर्च. १९९१ च्या जीएमसी सायक्लोन पिकअपची आठवण झाली: ४.३ लिटरचं टर्बो व्ही-६, २८० हॉर्सपॉवर, पण ताकद चारही चाकांना वाटलेली आणि माल वाहण्याची मर्यादा फक्त ५०० पौंड. त्यांनी वेगासाठी काय सोडायचं ते आधीच ठरवलं होतं. मी काहीच न सोडता सगळं मागत होतो.

त्यानंतर कमी कमानीचे पाटे घालून मागची बाजू दीड इंच खाली आणली, मोनोट्यूब (एकाच नळीचे) शॉकॲब्सॉर्बर घातले आणि मग हा अँटी-रोल बार. कंपनीतून माझ्या गाडीला मागे बार नव्हताच. फरक पहिल्याच वळणात कळला. स्टिअरिंग फिरवलं की पूर्वी पुढची चाकं बाहेर सरकायची, आता गाडी आत वळते. बारच्या टोकाच्या दांड्याला लिंक जोडायला दोन भोकं आहेत. आतलं भोक घेतलं की दांडा आखूड होतो आणि बार कडक. मी अर्थातच कडक घेतलं.

आणि मग ती कुरकुर.

बार धरून ठेवणारे पॉलियुरेथेनचे (कडक प्लॅस्टिकसारखे) बुश. गाडी हळू चालवली, गतिरोधकावरून नेली, पार्किंगमध्ये वळवली की जुन्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज. इंजिन, टायर, वारा या सगळ्यांतून मला तेवढाच ऐकू यायचा. शेजारी बसलेल्यांना जाणवायचाही नाही, पण मी काच खाली करून तोच ऐकत बसायचो. तीनदा ग्रीस भरलं. पहिल्या दोन वेळी गॅरेजमधलं साधं ग्रीस होतं, ते पावसात धुऊन गेलं. या बुशना सिलिकॉनचं ग्रीस लागतं, हे बारच्या किटच्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. तिसऱ्या वेळी क्लॅम्प उघडला तेव्हा कळलं की बोल्ट इतके आवळले होते की बुश चेपून बारला घट्ट चिकटला होता. टॉर्क पान्याने बेताने आवळून, बार हाताने फिरतो का हे पाहून पुन्हा बसवला. आवाज नव्वद टक्के गेला. उरलेले दहा टक्के मला अजून ऐकू येतात.

पावसाळ्यात मत बदललं. ओल्या वळणातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक नुसतं गरगर फिरायचं. बार जितका कडक, तितकं आतल्या चाकावरचं वजन कमी होतं, आणि साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरमध्ये) पकड नसलेलं चाक फिरत राहतं. बाहेरचं, म्हणजे मऊ भोक घेतलं. वळणातली धार थोडी गेली, पण गाडी विश्वासाची झाली. रिमॅपही सौम्य नकाशावर आणला. हे आधीच केलं असतं तर ट्रॅक्शन बारचे पैसे बहुतेक वाचले असते, आणि ते मला आजही खटकतं.

आता लिंक. गाडी खाली आणल्यावर ॲक्सल नि चॅसीमधलं अंतर कमी झालं, पण लिंक मूळ लांबीचीच राहिली. ती तिरकी उभी राहिली, बॉल जॉइंट टोकाला अडकला आणि प्रत्येक खड्ड्यात लिंक ओढली जाण्याऐवजी वाकत गेली. आट्यांजवळ तुटायचं कारण तेच. चूक बसवणाऱ्याची आणि माझीही, चाकांवर उभ्या गाडीत आम्ही कोन तपासलाच नाही. पण किटवाल्यांनी वॉरंटी नाकारताना ‘गाडीची उंची बदललेली आहे’ असं लिहिलं, तेव्हा डोकं फिरलं. त्यांच्या खोक्यावरच्या फोटोतली गाडी माझ्यापेक्षा खाली आहे!

कमी-जास्त करता येणारी आखूड लिंक स्वतःच्या पैशाने घेतली. आता दांडा आडवा, लिंक सरळ उभी, खट्ट नाही.

ब्रेकचं थोडक्यात: पॅड चांगले, पण फ्लुइड वेळेवर बदला. डॉट ४ प्रतीचं फ्लुइड नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ती हद्द १५५ वर येते. उतारावर पेडल मऊ झालेलं मी अनुभवलंय.

आणि टायर. ऑल-टेरेन (कच्च्या रस्त्यालाही चालणारे) काढून योग्य लोड इंडेक्सचे, म्हणजे पुरेसं वजन पेलणारे, रस्त्याचे टायर घातले आणि दाराच्या खांबावरच्या पट्टीत रिकाम्या गाडीसाठी दिलेली हवा मागे भरली. इतके महिने मी भरलेल्या गाडीची हवा ठेवत होतो. हवा बदलायला काहीच लागलं नाही आणि मागच्या बाजूचं उधळणं अर्ध्यावर आलं. रिमॅपच्या आधी हेच करायला हवं होतं.

तुटलेली लिंक जपून ठेवली आहे. तिचा फोटो आणि खोक्याचा फोटो शेजारी ठेवून कालच दावा पुन्हा पाठवलाय. उत्तर आलं की इथेच लिहीन.