लारा जीन, नताशा की डिंपल: पहिली वायए प्रेमकादंबरी कोणती घ्यावी?

सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या प्रेमकादंबऱ्यांवर एक आक्षेप हमखास घेतला जातो: दोघं शेवटी एकत्र येणार हे पहिल्या वीस पानांतच कळतं, मग पुढं वाचायचं कशासाठी? मला हा आक्षेप पटत नाही. या कादंबऱ्यांची खरी परीक्षा मधल्या अडचणीत असते. दोघांना एकमेकांपासून काय अडवतंय? ती अडचण खरी आहे की पानं वाढवायला आणून ठेवलेली? आणि तिला तोंड देताना त्या मुलीत काही बदल होतो का? वायए, म्हणजे यंग अ‍ॅडल्ट, प्रेमकादंबरीवर परीक्षण लिहायला बसलात तर सुरुवात या प्रश्नांपासून करा. ‘गोड आहे’, ‘क्यूट आहे’ यापलीकडे लिहायला पुष्कळ सापडेल.

या प्रकारातलं पहिलं पुस्तक तुम्ही निवडत असाल, मग ते स्वतःसाठी असो, घरातल्या अकरावी-बारावीच्या मुलीसाठी किंवा मुलासाठी असो, नाहीतर कॉलेजच्या वाचनगटासाठी, तर मी तीन नावं समोर ठेवते. जेनी हान यांची ‘टू ऑल द बॉइज आय’व्ह लव्हड बिफोर’ (२०१४), निकोला यून यांची ‘द सन इज ऑल्सो अ स्टार’ (२०१६) आणि संध्या मेनन यांची ‘व्हेन डिंपल मेट रिशी’ (२०१७). तिन्ही अमेरिकेत घडतात, आणि तिन्हींत प्रेमाच्या बरोबरीनं परदेशातून आलेलं एक घर आहे. मुलीनं कुणावर प्रेम करावं याचा संबंध आई-वडील, बहीण, सगळ्यांशी पोचतो. आपल्या वाचकाला हे वातावरण समजावून सांगावं लागत नाही.

‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ (२०१२) मी मुद्दाम बाजूला ठेवलं आहे, कारण ‘दिल बेचारा’मुळे त्याची गोष्ट बहुतेकांना आधीच माहीत आहे. ‘एलेनॉर अँड पार्क’ही नाही. १९८६ मधल्या अमेरिकेच्या ओमाहा शहरातली ती गोष्ट मला आवडते, पण पार्क आणि त्याची कोरियन आई यांच्या चित्रणावर कोरियन-अमेरिकन वाचकांनी घेतलेले आक्षेप वजनदार आहेत, आणि एलेनॉरच्या सावत्र बापाची दहशत पहिल्याच पुस्तकाला फार जड होते. ते तिसरं-चौथं म्हणून वाचावं.

‘टू ऑल द बॉइज’मधल्या लारा जीनपासून सुरुवात करू. लारा जीन साँग कव्ही सोळा वर्षांची आहे. आई कोरियन वंशाची, ती वारली आहे. वडील डॉक्टर. मोठी बहीण मार्गो शिकायला स्कॉटलंडला निघाली आहे आणि धाकटी किटी नऊ वर्षांची आहे. लारा जीनला एखादा मुलगा आवडला की ती त्याला पत्र लिहिते, पण पाठवत नाही. ते प्रेम मनातून काढून टाकण्याची ही तिची रीत. अशी पाच पत्रं आईनं दिलेल्या टोपीच्या डब्यात ठेवलेली असतात, आणि एक दिवस ती सगळी त्या त्या मुलांना पोचतात. त्यातला एक, जॉश, हा मार्गोचा नुकताच झालेला माजी बॉयफ्रेंड. त्याला चुकवण्यासाठी लारा जीन दुसऱ्या पत्राच्या धन्याशी, पीटर कॅव्हिन्स्कीशी, खोट्या जोडीचं नाटक करते. पीटरलाही त्याच्या आधीच्या मैत्रिणीला जळवायचं असतं.

खोट्या जोडीची ही युक्ती या प्रकारात पुन्हा पुन्हा येते. इंग्रजी वाचक तिला फेक डेटिंग म्हणतात. इथं ती चालते, कारण खरी अडचण नाटकाच्या आधीपासूनची आहे. लारा जीनला प्रेम हवं असतं ते कागदावर, जिथं समोरून उत्तर येत नाही. आई गेल्यावर घर मार्गोनं सांभाळलं, आणि आता ती जबाबदारी लारा जीनवर आली आहे: जेवण, किटीची शाळा आणि गाडी चालवणं, ज्याची तिला धास्ती वाटते. प्रेमात पडणं आणि मोठं होणं या दोन्ही गोष्टींना ती एकाच कारणानं घाबरते. हे लेखिका कुठंही भाषण करून सांगत नाही. स्वयंपाकघरातल्या, भाजलेल्या कुकीजच्या, बहिणींच्या भांडणांच्या प्रसंगांतून ते आपोआप उमगतं. तीन बहिणींचं नातं हा या पुस्तकाचा सगळ्यात सुंदर भाग आहे. मला तर पीटरपेक्षा किटीची पानं जास्त हवीहवीशी वाटतात.

आणखी एक प्रसंग परीक्षणात घेण्यासारखा आहे. शाळेच्या स्की ट्रिपनंतर लारा जीन आणि पीटरबद्दल एक अफवा पसरते. पीटरचं त्यात काहीच बिघडत नाही, बोलणी खावी लागतात ती मुलीला. आपल्याकडच्या कुठल्याही ज्युनिअर कॉलेजात हे जसंच्या तसं घडतं. पुस्तकातली उणीव म्हणाल तर जॉश. त्याच्याकडून नक्की काय अपेक्षित आहे हे लेखिकेनंच ठरवलेलं नाही असं वाटतं, आणि मधली पन्नासेक पानं त्याच्यामुळं रेंगाळतात. शेवटही पूर्ण मिटत नाही, कारण पुढं दोन भाग आहेत, २०१५ आणि २०१७ चे. एका पुस्तकात गोष्ट संपायला हवी असेल तर हे आधी लक्षात घ्या.

२०१८ चा नेटफ्लिक्सवरचा सिनेमा बघितला असेल तरी पुस्तक वाचा. या सिनेमाच्या वेळी नायिका गोऱ्या वंशाची करण्याचा आग्रह अनेक निर्मात्यांनी धरला होता आणि आपण तो मानला नाही, असं जेनी हान यांनी स्वतः लिहिलं आहे. पुस्तक वाचल्यावर तो आग्रह किती चुकीचा होता ते कळतं. हॅलोविनला लारा जीन हॅरी पॉटरमधली आशियाई वंशाची चो चँग होते आणि लोक तिला जपानी कार्टूनमधलं पात्र समजतात. एवढ्याशा प्रसंगात तिचं त्या गावातलं स्थान दिसतं.

‘द सन इज ऑल्सो अ स्टार’मधल्या नताशा किंग्स्लीची अडचण वेगळ्याच प्रतीची आहे. ती आठ वर्षांची असताना जमैकातून न्यूयॉर्कला आली. कुटुंबाकडे कागदपत्रं नाहीत. वडील दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेले आणि सगळं उघड झालं. आज रात्री त्यांना देश सोडायचा आहे. पूर्ण कादंबरी या एका दिवसात घडते. सकाळी नताशा शेवटचा प्रयत्न म्हणून वकिलाकडे निघते आणि वाटेत तिला डॅनिएल बे भेटतो. हा कोरियन आई-वडिलांचा मुलगा, कविता करणारा, त्या दिवशी येल विद्यापीठाच्या प्रवेशाच्या मुलाखतीला निघालेला. ती विज्ञान मानणारी, हा नशीब मानणारा. डॅनिएल पैज घेतो की शास्त्रीय पद्धतीनं तो तिला प्रेमात पाडेल, आणि त्यासाठी तो मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन यांच्या १९९७ च्या अभ्यासातले प्रश्न काढतो. अनोळखी माणसांनी एकमेकांना ३६ प्रश्न विचारावेत आणि मग चार मिनिटं डोळ्यांत बघावं, ही ती कल्पना.

तिन्हींमधली सगळ्यात खरी अडचण हीच. इथं गैरसमज नाही, तिसरा कोपरा नाही; एक सरकारी हुकूम आहे आणि घड्याळ आहे. दोघांनी कितीही मनापासून ठरवलं तरी तो हुकूम त्यांच्या हातात नाही, आणि त्यामुळं साध्या कॉफीलाही किंमत येते.

रचना धाडसी आहे. नताशा आणि डॅनिएल आळीपाळीनं बोलतात, पण मधेमधे लहान प्रकरणं येतात ती भलत्याच माणसांची: इमिग्रेशन कचेरीतल्या सिक्युरिटी गार्डची, वकिलाची, नताशाच्या वडिलांची. आणि काही प्रकरणं चक्क माहितीची. डॅनिएलच्या वडिलांचं दुकान कृष्णवर्णीय बायकांच्या केसांसाठी लागणाऱ्या वस्तूंचं आहे. अमेरिकेत हा धंदा कोरियन लोकांच्या हातात कसा गेला, हे लेखिका दोन पानांत सांगते आणि लगेच आपल्याला त्या दुकानात नेते, जिथं डॅनिएलचे वडील नताशाचे केस बघून ते सरळ करण्याचं औषध पुढं करतात. दोन्ही स्थलांतरित, दोघांनाही गोऱ्यांच्या समाजात परकं वाटतं, आणि तरी एकाच्या मनात दुसऱ्याच्या रंगाबद्दल अढी. रंगावरून मुलगी पसंत-नापसंत करणाऱ्या आपल्या समाजाला हे पान बोचायलाच हवं. निकोला यून स्वतः जमैकात जन्मल्या आणि त्यांचे पती कोरियन-अमेरिकन आहेत. त्या दुकानातला अवघडलेपणा त्यांनी आतून लिहिला आहे हे जाणवतं.

दोष? योगायोग फार. एकाच माणसाशी दोघांचं काम निघणं हे मला ताणलेलं वाटलं, आणि डॅनिएल कधी कधी इतका स्वप्नाळू होतो की नताशाबरोबर आपणही वैतागतो. पण या कादंबरीला अमेरिकेतल्या नॅशनल बुक अवॉर्डच्या २०१६ च्या अंतिम यादीत जागा मिळाली ती उगाच नाही.

डिंपल शाह आपल्याला सगळ्यात जवळची, आणि म्हणूनच तिच्याबाबत मी सगळ्यात कडक आहे. शाळा संपलेली, स्टॅनफर्डला प्रवेश मिळालेला, वेब डेव्हलपमेंटचं वेड. आईला मात्र तिच्या डोळ्यांत काजळ आणि शेजारी चांगला मुलगा हवा आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सहा आठवड्यांच्या उन्हाळी शिबिराला आई-वडील चटकन हो म्हणतात तेव्हा डिंपलला नवल वाटतं. कारण नंतर कळतं: रिशी पटेल. दोन्ही घरांनी स्थळ ठरवलं आहे, रिशीला ते माहीत आहे, डिंपलला नाही. तो तिला पहिल्याच भेटीत होणारी बायको म्हणून हाक मारतो आणि ती हातातली कोल्ड कॉफी त्याच्यावर फेकून पळते.

हा आरंभ धमाल आहे. रिशी हे पात्र तर दुर्मीळच. परंपरा मनापासून आवडणारा, आजीची अंगठी जपणारा, ठरवून केलेल्या लग्नात आनंद बघणारा अठरा वर्षांचा मुलगा, आणि लेखिका त्याची चेष्टा करत नाही. त्याच्या आत एक चित्रकार दडलेला आहे, ज्याला घरच्यांसाठी इंजिनिअर व्हायचं आहे. हा पेच महाराष्ट्रातल्या किती घरांत आहे ते सांगायला नको.

पण अडचणीच्या कसोटीवर ही कादंबरी मधेच सैल पडते. लपवाछपवी काही प्रकरणांत संपते. उरतो तो डिंपलचा खरा प्रश्न: अठराव्या वर्षी जोडीदार मिळाला तर माझ्या कामाचं काय होईल? हा प्रश्न मोठा आहे, पण लेखिका त्याला पुरेशी जागा देत नाही. मधुमेही वडिलांना औषधाची आठवण राहावी म्हणून डिंपल अ‍ॅप बनवते आहे, तरी तिला कोड लिहिताना आपण फारसं बघतच नाही. नाच, पार्ट्या आणि श्रीमंत टवाळ मुलं यांतच शिबिर सरतं. रिशीची चित्रं मात्र पानोपानी दिसतात. ज्या मुलीचं स्वप्न हा कादंबरीचा गाभा, तिचंच काम पडद्याआड राहतं, हे मला खटकतं. डिंपलचं रिशीला सारखं चापट्या मारणंही विनोद म्हणून येतं. मुलानं तसं केलं असतं तर आपण हसलो नसतो. शिवाय शाह आणि पटेल ही गुजराती आडनावं, पण घरात हिंदी बोलली जाते. परदेशी वाचकाच्या ते ध्यानात येणार नाही, आपल्या येतं.

आता निवडायचं कसं? इंग्रजी वाचायची फार सवय नसेल तर लारा जीन निःसंशय. ती स्वतः बोलते, वाक्यं लहान, प्रकरणं लहान. नताशाची प्रकरणंही छोटी आहेत, पण बोलणारी माणसं सतत बदलतात, त्यामुळं सुरुवातीची पानं जरा लक्ष देऊन वाचावी लागतात. वयाचं म्हणाल तर लारा जीन चौदा-पंधराव्या वर्षीही चालेल. डिंपल आणि रिशी यांच्यात शरीरसंबंध येतो, वर्णन न करता, दोघांच्या राजीखुशीनं. पालकांनी ते जाणून घ्यावं. नताशाच्या पुस्तकात सिक्युरिटी गार्डच्या निमित्तानं आत्महत्येचा विचार येतो, तेव्हा मनानं हळव्या मुलाला ते देण्याआधी स्वतः वाचावं.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ज्यांना आवडली आहे, त्यांना मी नताशा सुचवेन. मुकुंदाच्या आणि शिरोडकरच्या गोष्टीत आणीबाणी जशी बाहेरून आत शिरते, तसा इथं देशाचा कायदा दोन मुलांच्या मधे येऊन उभा राहतो.

परीक्षण लिहायचंच असेल तर डिंपलवर लिहा. निर्दोष पुस्तकापेक्षा जिथं आवडणं आणि खटकणं दोन्ही जोरात आहे तिथं लेखन चांगलं होतं, आणि भारतीय घराबद्दल तुम्हाला जे ठाऊक आहे ते परदेशी परीक्षकाला ठाऊक नसतं. शेवट फोडू नका. अडचण काय आहे तिथपर्यंत गोष्ट सांगा आणि पुढं तुमचं मत मांडा. तारे किती द्यायचे ते सगळं लिहून झाल्यावर ठरवा, कारण आधी तारे दिले की मजकूर त्यांची बाजू घ्यायला लागतो.

तिन्ही वाचणार असाल तर माझा क्रम लारा जीन, नताशा, डिंपल असा. डिंपलच्या गोष्टीवरून २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर ‘मिसमॅच्ड’ ही मालिका आली, सॅन फ्रान्सिस्कोऐवजी जयपूरमध्ये घडणारी, ठाण्यात वाढलेल्या प्राजक्ता कोळीची. ती बघण्याआधी पुस्तकावरचं परीक्षण पूर्ण करा. एकदा प्राजक्ताची डिंपल डोळ्यांसमोर आली की संध्या मेनन यांच्या डिंपलबद्दल लिहिणं अवघड होतं.